पहिलं वाक्य ज्यांच्या कानावर पडतं, त्यांना आधी शिकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय, निम्म्याहून जास्त मुली, त्याच आवारात अकरावी-बारावी. यंदा तुम्हाला अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष नेमलं आहे. प्राचार्यांनी सांगितलंय की लैंगिक छळाविरुद्धचं कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण एखाद्या शनिवारी घेऊन टाका, वकील बोलवा, फोटो आणि अहवाल नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फाइलला लावा. तुम्हाला वाटतंय की एवढ्याने काही होणार नाही, आणि मग नेमकं कुणाला काय शिकवायचं हे तुम्ही विचारलं आहे.

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. मी समाजशास्त्र शिकवत होते, आमच्या महाविद्यालयाच्या समितीचं काम बरीच वर्षं पाहिलं, आणि आता एका महिला संघटनेच्या वतीने इतर महाविद्यालयांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवून कायद्याची कलमं वाचून दाखवणारी शिबिरं मी स्वतःही घेतली आहेत. त्यातून लोकांना दंडाचा आकडा लक्षात राहतो. रडत समोर उभ्या राहिलेल्या मुलीला काय म्हणायचं, ते मात्र कुणालाच कळलेलं नसतं.

माझ्यासमोर आलेल्या तक्रारींपैकी क्वचितच एखादी मुलगी थेट समितीकडे आली होती. आधी ती कुणाशी तरी बोललेली असते. वाचनालयातल्या काकू, मुलींच्या कॉमन रूममधल्या मावशी, एनएसएसच्या मॅडम, क्रीडा विभागाचे सर, वसतिगृहाच्या रेक्टर. समितीच्या अध्यक्षांचं नाव तिला बहुतेक वेळा माहीतच नसतं. तक्रार पुढे येणार की तिथेच विरणार, हे त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत ठरतं. आणि नेमक्या याच माणसांना आपण प्रशिक्षणाला बोलावत नाही. बोलावलंच तर खुर्च्या मांडायला.

एका ठिकाणची गोष्ट सांगते. एक मुलगी दर मंगळवार-गुरुवार दुपारी वाचनालयात येऊन बसायची. परिचर काकूंच्या लक्षात आलं की नेमकी त्याच वेळी तिची प्रॅक्टिकल असतात. त्यांनी मायेनं विचारलं, "बाळा, प्रॅक्टिकलला जात नाहीस का?" मुलीने सगळं सांगितलं. काकूंना राहवेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मॅडमना सांगितलं. मॅडमनी स्टाफरूममध्ये विषय काढला. दुपारपर्यंत ते संबंधित सरांच्या कानावर गेलं. मुलगी पुढचे तीन आठवडे महाविद्यालयात आली नाही आणि परत आली ती "माझी काही तक्रार नाही" असं सांगायला. काकूंची चूक म्हणायची का? मी म्हणणार नाही. त्यांच्याइतकं कुणाचंच लक्ष त्या मुलीकडे गेलं नव्हतं. आपण ऐकलेलं कुणाकडे न्यायचं आणि कुणाकडे न्यायचं नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून कर्मचाऱ्यांचं पहिलं सत्र शिपाई, परिचर, लिपिक, सुरक्षारक्षक, वाचनालय आणि वसतिगृहातल्या माणसांसाठी ठेवा. पंधरा-वीस जणांचा गट, दीड-दोन तास, खुर्च्या गोल मांडून. प्रोजेक्टर नको. प्राचार्य नकोत, कारण ते बसले की कोणी तोंड उघडत नाही. कायदा दहा मिनिटांत सांगा : नकोसा स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि तोंडी, लेखी किंवा हावभावातून केलेलं तसलं कोणतंही नकोसं वर्तन, हे सगळं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमात बसतं. मार्क, हजेरी, नोकरी यांचं आमिष किंवा धाक दाखवणंही बसतं. लोक अजूनही 'विशाखा समिती' म्हणतात, तर म्हणू द्या. ते नाव १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून आलं. राजस्थानातल्या साथिन, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, भंवरीदेवी बालविवाह रोखायला गेल्या आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून ती याचिका उभी राहिली. हे सांगितलं की गटातल्या बायका सावरून बसतात. कामावर असलेल्या, आपल्यासारख्याच एका बाईमुळे हा कायदा आला, हे त्यांना भिडतं.

मग उरलेला सगळा वेळ सरावाला द्या. दोघींच्या जोड्या करा. एकीने सांगायचं, दुसरीने ऐकायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जण प्रश्न विचारतो : "तू तिथे एकटी कशाला गेलीस?", "एवढे दिवस का नाही बोललीस?", "सर तर असे वाटत नाहीत गं." विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मुलीला त्यातून एवढंच ऐकू येतं की आपल्यावर विश्वास नाही. दुसऱ्या फेरीत हे प्रश्न बंद. फक्त तीन गोष्टी बोलायच्या. "सांगितलंस ते बरं केलंस." "आत्ता तुला सुरक्षित वाटतंय का, घरी कशी जाणार आहेस?" आणि "याच्यासाठी आपल्याकडे अमुक मॅडम आहेत, तू म्हणशील तेव्हा मी तुझ्यासोबत त्यांच्याकडे येते." एवढी तीन वाक्यं सहज तोंडात बसेपर्यंत सराव करून घ्या. सोपं वाटतं, पण तसं नाही. मलाही माझी "का" विचारायची सवय मोडायला बराच काळ लागला.

"मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र द्यायचं नाही, हे ठासून सांगा. तुमच्याकडे अकरावी-बारावीची मुलं आहेत, म्हणजे बहुतेक जण अठराच्या आतले. तिथे पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडपलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. मी पाहिलेल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत ही गोष्ट कर्मचाऱ्यांना माहीत नव्हती. समिती चौकशी करेल आणि मग बघू, असं तिथे चालत नाही. तेव्हा ऐकणाऱ्याने म्हणायचं ते असं : "ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन."

आता पालकांचा मुद्दा. याच्यावर थोडी थांबणार आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मुली गप्प का बसतात, असं शहरातून आलेले व्याख्याते विचारतात. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीचं उत्तर सरळ असतं : घरी कळलं तर कॉलेज बंद, आणि सहा महिन्यांत लग्न. तिच्या दृष्टीने छळ सहन करणं हा शिक्षण टिकवण्याचा मार्ग असतो. अशा मुलीची तक्रार आली आणि ऑफिसमधून कुणीतरी काळजीपोटी तिच्या वडिलांना फोन लावला, तर पदवीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी आपण आपल्या हाताने घरी बसवलेली असते. शिवाय ही बातमी बाकीच्या मुलींपर्यंत पोहोचायला एक दिवस लागतो आणि मग पुढची कितीतरी वर्षं कोणी बोलत नाही. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थिनीच्या घरी तिच्या संमतीशिवाय फोन जाणार नाही, हे प्रशिक्षणात नियम म्हणून सांगा, प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक काढा आणि मुलींच्या कॉमन रूममध्ये लावा. माझ्या अनुभवात एवढ्या एका कागदाने जितका विश्वास निर्माण झाला, तितका कुठल्याच व्याख्यानाने झाला नाही. अठराच्या आतल्या मुलींच्या बाबतीत पालकांना बाहेर ठेवता येत नाही. तिथे घरी कोण समजून घेईल, आई की मोठी बहीण, हे आधी मुलीला विचारून मगच बोलायचं.

मोबाइलचंही थोडं सांगा. मेसेज, कॉल, फोटो मुलीने स्वतःच्या फोनवर जपून ठेवायचे, तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढायचा. ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या फोनवर मागवायचे नाहीत आणि स्टाफच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत. तक्रारीतली नावं आणि मजकूर उघड करायला अधिनियमाच्या कलम १६ ने मनाई आहे.

प्राध्यापकांचं सत्र वेगळं घ्या. तिथे पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न येईल, पुरुष सहकाऱ्यांकडून : "मग आम्ही मुलींशी बोलायचंच नाही का?" वैतागू नका, उडवूनही लावू नका. बहुतेकांची भीती खरी असते आणि तिला उत्तर देता येतं. भेटी विभागात आणि महाविद्यालयाच्या वेळेत, दार उघडं. सूचना वर्गाच्या ग्रुपवर, रात्री अकराला एकीलाच वैयक्तिक मेसेज नको. प्रकल्पाचं काम घरी बोलावून नको. हे नियम मुलगे-मुली दोघांनाही सारखे. पण पुढचं वाक्यही तितक्याच ठामपणे बोला : भीतीपोटी मुलींना मार्गदर्शन नाकारणं, क्षेत्रभेटीला फक्त मुलांना नेणं, हाही अन्यायच आहे. मुलींपासून लांब राहणं म्हणजे खबरदारी, असं समजून चांगले शिक्षक मागे सरकले, तर मुलींच्या वाट्याला उरतं काय?

"खोट्या तक्रारींचं काय?" हा दुसरा प्रश्न. कायद्यात तरतूद आहे, कलम १४. जाणूनबुजून खोटी तक्रार किंवा बनावट कागद दिल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते. पण पुरावा पुरेसा नव्हता, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. हा फरक फळ्यावर लिहा.

सत्तेचं बोलणं मात्र या सत्रात टाळू नका. पीएचडीची विद्यार्थिनी गाईडच्या सहीवर अवलंबून असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडमची पुढच्या वर्षीची नेमणूक विभागप्रमुखाच्या शब्दावर असते. प्रॅक्टिकलचे आणि अंतर्गत मार्क एकाच माणसाच्या हातात असतात. "ती तर हसून बोलत होती" हा बचाव इथे टिकत नाही, कारण जिचं वर्ष कुणाच्या हातात आहे ती हसणारच. अशा तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षिकांना प्रशिक्षणाला आवर्जून बोलवा आणि त्या तासांचं मानधन द्या. सगळ्यात असुरक्षित त्याच आहेत आणि शिबिराच्या यादीत बहुधा त्यांचंच नाव नसतं.

आवाराची व्याख्याही सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत, जे २०१६ मध्ये राजपत्रात आले, 'परिसर' म्हणजे फक्त कुंपणाच्या आतला भाग नाही. वसतिगृह, महाविद्यालयाची गाडी, शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडा स्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, सगळं त्यात येतं. एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर आणि युवा महोत्सवाच्या रात्रीच्या तालमी, या दोन जागांवर माझं नेहमी लक्ष असतं. तिथे जाणाऱ्या शिक्षकांशी निघण्याआधी अर्धा तास बोला. याच विनियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरच्या लिंगाधारित हिंसेविरुद्धही संस्थेने पावलं उचलायची आहेत, हे लोकांना ठाऊक नसतं. मुलाने सांगितलं तर हसायचं नाही, हेसुद्धा शिकवावं लागतं.

आता तुमची समिती. तिचं प्रशिक्षण पूर्ण दोन दिवसांचं हवं आणि ते पहिली तक्रार येण्याआधी हवं. आधी रचना तपासा. अध्यक्ष महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक पदावरची महिला, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरची एक सदस्य, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. विभागप्रमुखांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती समितीवर चालत नाहीत. अनेक समित्या इथेच सदोष ठरतात.

समितीला मी गोव्याचं प्रकरण नेहमी शिकवते. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य, निकाल १२ मे २०२३. गोवा विद्यापीठातल्या विभागप्रमुखांविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या, चौकशी झाली, बडतर्फी झाली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. कारण असं की शेवटच्या टप्प्यात सुनावण्या घाईघाईने उरकल्या गेल्या होत्या, तब्येतीचं कारण सांगून मागितलेला वेळ मिळाला नव्हता आणि कामकाज एकतर्फी संपवलं गेलं होतं. आरोप खरे की खोटे, हे न्यायालयाने ठरवलंच नाही. ज्या मुलींनी हिंमत केली त्यांच्यापुढे चौदा वर्षांनी चौकशी परत सुरू होण्याची वेळ आली. म्हणून मी समितीला सांगते की ज्याच्यावर आरोप आहे त्याला नीट संधी देणं हे तक्रारदार मुलीसाठीच करायचं काम आहे. त्याच निकालात न्यायालयाने समितीच्या सदस्यांना चौकशी कशी करायची याचं शिक्षण द्यायला सांगितलं आहे. प्राचार्यांनी दोन दिवस द्यायला का-कू केली तर हा निकाल त्यांच्यापुढे ठेवा.

दोन दिवसांत काय करायचं? एक काल्पनिक तक्रार घ्या आणि ती सुरुवातीपासून अहवालापर्यंत चालवा. मिळाल्याची पोच, सात दिवसांत समोरच्याला प्रत, त्याचं दहा दिवसांत उत्तर, दोघांची आणि साक्षीदारांची वेगवेगळी सुनावणी, उलटतपासणीचे प्रश्न लेखी मागवून समितीमार्फत विचारणं, प्रत्येक बैठकीचा रोजनामा आणि त्यावर सह्या, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. कोणाचाही वकील आत येत नाही. कुणी सलग तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय आलं नाही, तरच एकतर्फी पुढे जायचं, आणि त्याआधी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यायची. अहवालाची कारणमीमांसा सदस्यांकडून प्रत्यक्ष लिहून घ्या. "आरोप सिद्ध होत आहेत" एवढ्या एका ओळीचे अहवाल मी पाहिले आहेत, ते अपिलात दोन मिनिटं टिकत नाहीत. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू तोलून कुठली गोष्ट घडली असण्याची शक्यता अधिक, एवढं बघायचं असतं. हे समजायला सदस्यांना वेळ लागतो, तो द्या.

अंतरिम उपायांचा सराव सर्वांत महत्त्वाचा. चौकशी चालू असताना त्या सरांनी त्या मुलीचे पेपर तपासू नयेत, तोंडी परीक्षा घेऊ नये, तिच्यापासून लांब राहावं, अशी शिफारस समितीला करता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. बहुतेक समित्यांना हे अधिकार ठाऊकच नसतात आणि मुलगी मात्र त्याच माणसाच्या प्रॅक्टिकलला जात राहते. समेटाबद्दलही स्पष्ट बोला : तो तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, चौकशीआधी, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर कधीही नाही.

तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने आहे. समिती कारणं लिहून आणखी तीन महिने वाढवू शकते. २०२५ मध्ये एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची तक्रार मुदत उलटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयातही ग्राह्य ठरली नाही. "परीक्षा होऊ दे, मग बघू" असं मुलीला सांगणारी व्यक्ती तिचा हक्कच घालवत असते, हे पहिल्या सत्रातल्या काकू-मावशींनाही सांगा. लिहिता येत नसेल, सुचत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे.

प्राचार्य आणि संस्थाचालकांशी मात्र बंद दाराआड, अगदी थोडक्यात बोला. "संस्थेचं नाव" हा शब्द तिथे येणारच. २०२५ च्या जुलैमध्ये ओडिशातल्या बालासोर इथे एका बी.एड.च्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध लेखी तक्रार केली होती. दाद मिळत नाही असं वाटून तिने महाविद्यालयाच्या आवारातच जीव देण्याचा प्रयत्न केला आणि दोन दिवसांनी ती गेली. मी हे घाबरवायला सांगत नाही. तक्रार दिल्यापासून पहिलं पाऊल पडेपर्यंतचे दिवस मुलगी कशी काढते, हे त्यांना कळावं म्हणून सांगते. त्या दिवसांत रोज तिच्याशी कोण बोलणार, त्या व्यक्तीचं नाव बैठकीतच ठरवून घ्या. आणि तक्रार खुद्द संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिचा पत्ताही फलकावर लावायला लावा.

वेळापत्रक म्हणाल तर शनिवार एकच नको. जूनमध्ये समितीचे दोन दिवस, जुलैत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे गट, ऑगस्टमध्ये विभागवार प्राध्यापक, आणि दिवाळीनंतर सगळ्यांसाठी तासाभराची उजळणी. नवीन नेमणूक झालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात अर्धा तास. नॅकसाठी फोटो हवेच असतील तर प्रोजेक्टर असलेल्या सत्राचे काढा, सरावाच्या सत्रात कॅमेरा नको.

एक गोष्ट प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. आजवर वार्षिक अहवालात 'तक्रारी : शून्य' असं लिहिलं गेलं असेल, तर यंदा दोन-चार दिसतील आणि कुणीतरी म्हणेल की मॅडमनी प्रशिक्षण घेतलं आणि वातावरण बिघडलं. त्यावेळी त्यांनी तुमच्या बाजूने उभं राहायला हवं, म्हणून हे बोलणं आधी झालेलं बरं. प्रशिक्षणाने काम केलं का, हे मी तपासते ते दोन महिन्यांनी, सूचना न देता. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आणि कॉमन रूमच्या मावशींना सहज विचारते, "एखादी मुलगी तुमच्याकडे रडत आली तर काय कराल?" मावशींनी तुमचं नाव आणि तुमच्या खोलीचा नंबर सांगितला, की पुढच्या गटाची तारीख ठरवायला घ्या.